निळ्या झाकणाची बरणी

"खारट!" बाबांनी चमचा ताटात आपटला. "नुसतं खारट! हे माणसांनी खायचं, की गुरांना चाटायला ठेवायचं?"

लवंगी ताडकन उठली. उठताना खुर्ची मागे पडली ती पडलीच, कोणी उचलली नाही. टेबलावर भोपळ्याचं सूप होतं, लसूण आणि लोणी चोपडून भाजलेला पाव होता, आणि मधोमध मोठ्या बशीत मशरूम भरून वाफवलेल्या ढोबळ्या मिरच्या होत्या. सकाळपासून पोरगी त्या अरुंद स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती. भोपळा चिरताना सुरी अंगठ्याला लागली होती, त्यावर चिकटपट्टी होती. आणि हे सगळं कशासाठी, तर साहेबांनी एका घासात निकाल लावावा म्हणून!

"खारट नाहीये," ती म्हणाली.

"मग माझी जीभ खोटं बोलतेय?"

"मी मीठ मोजून घातलंय. काट्यावर. वर चाखूनही बघितलंय."

"मग काटा बिघडलाय," दादा मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला. "नाहीतर तू."

"चांगलं झालंय की," आई म्हणाली. पण ती इतकं हळू म्हणाली की ते कोणी ऐकलं नाही. ऐकलं असतं तरी मनावर घेतलं नसतं.

लवंगी हे काही तिचं दाखल्यावरचं नाव नव्हे. आकारानं एवढीशी आणि झोंबायला पुरेपूर, म्हणून आजोबांनी ते ठेवलं होतं. आजोबा गेले, नाव राहिलं. राग तर तिच्या नाकाच्या शेंड्यावरच बसलेला असायचा, जरा कोणी शिंकलं की घसरून खाली यायचा. पण त्या दिवशी ती रागावली त्यात तिचं काय चुकलं, तुम्हीच सांगा. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होती. थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणारी मुलगी. मोबाइलवर पाककृती बघून जे करायची ते डोळे झाकून नाही करायची. आधी वाचायची, मग पुन्हा वाचायची, मग मोजायची. पहिल्या रविवारी शेंगदाण्याच्या रश्शातले नूडल्स केले, खारट. दुसऱ्या रविवारी अख्खा फ्लॉवर मसाला लावून भाजला, खारट. आणि आज हे सूप.

खरी मेख वेगळीच होती आणि ती कोणाला सांगायचीही सोय नव्हती. ओट्यापाशी चाखलं तेव्हा सूप झकास होतं. मग ताटं मांडली, वाढलं, पाणी ओतलं, बरणी फिरली, सगळे जेवायला लागले, आणि तिनं स्वतः पहिला चमचा तोंडात घातला तर काय, खारट! ओट्यापासून टेबलापर्यंत चार पावलं. तेवढ्यात सूप बिघडतं कसं? बाबा ओरडले तेव्हा तिला सगळ्यात जास्त संताप याचाच आला होता, की ते खोटं बोलत नव्हते.

"तर मग ऐक," बाबा म्हणाले. त्यांनी ताट बाजूला सारलं होतं आणि नुसत्या पावाचा तुकडा चावत होते. "तुझा तो कॉलेजच्या मेळाव्यातला स्टॉल. नाव मागे घ्यायचं."

"बाबा!"

"घरातल्या चौघांच्या घशाखाली उतरत नाही, आणि निघाली गावाला खायला घालायला! उद्या लोक मला विचारतील, तुमच्या मुलीनं केलं होतं का हो ते? मी काय तोंड दाखवू?"

"अजून एक रविवार द्या."

"कशाला? पुन्हा मीठ खायला?"

"एक रविवार द्या, म्हटलं ना मी! त्यानंतरही खारट लागलं तर स्टॉलही नको आणि ओटाही नको. परीक्षा होईपर्यंत स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाही."

"ठरलं," बाबा म्हणाले. "शब्द आहे हा."

स्टॉल म्हणजे लवंगीच्या जिवाचा तुकडा होता. कॉलेजात ती मागच्या बाकावरची, कोणाच्या लक्षात न राहणारी. नाच येत नाही, गाणं येत नाही, भाषण तर नाहीच नाही. मेळाव्यासाठी नावं घेत होते तेव्हा तिचा हात पहिल्यांदा वर गेला होता, आणि वर्गातल्या पोरांनी वळून बघितलं होतं. आता तिनं नाव मागे घ्यायचं, आणि कारण काय सांगायचं? घरचे म्हणतात खारट होतं!

बाबांचा दरारा घरात उगीच नव्हता. ते चिनी मातीची बेसिनं बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस होते. लहानपणी एकदा लवंगी त्यांच्याबरोबर गेली होती. लांबलचक शेड, भट्टीची धग, आणि पट्ट्यावरून एकामागून एक सरकत येणारी पांढरीशुभ्र बेसिनं. बाबा हातात लाकडी हातोडी घेऊन उभे. प्रत्येकाला एक हलका ठोका, कान जवळ, डोळे मिटलेले. खणखणीत वाजलं तर पुढे, बद्द वाजलं तर बाजूला. एकदा साहेबानं घाई केली म्हणून ते म्हणाले होते, "ठोकून बघितल्याशिवाय मी माल सोडत नाही. घाई असेल तर सही तुम्ही करा." हा किस्सा या घरात इतक्यांदा सांगून झाला होता की भिंतींनाही पाठ असावा.

अशा माणसानं खारट म्हटलं की विषय संपला.

सोमवारी लवंगीनं उरलेलं सूप डब्यात भरलं आणि कॉलेजात नेलं. प्रयोगशाळेबाहेरच्या कट्ट्यावर, आम्लाच्या वासात, तिनं तो डबा चष्मेवालीपुढे आदळला. चष्मेवाली म्हणजे तिची जिवाभावाची मैत्रीण आणि स्टॉलमधली भागीदार.

"खा. आणि खरं सांग. खोटं बोललीस तर डबा डोक्यात घालीन."

चष्मेवालीनं खाल्लं. वाफ नव्हती तरी सवयीनं चष्मा पुसला. पुन्हा खाल्लं.

"मस्त आहे गं! काय झालं?"

"मीठ?"

"मीठ बरोबर आहे. उलट मी असते तर चिमूटभर जास्त घातलं असतं."

लवंगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचं डोकं हिशेब करायला लागलं. भांड्यातलं सूप बरोबर, ताटातलं सूप खारट. म्हणजे भांड्यातून ताटात आल्यावर त्यात मीठ पडतंय. आपोआप पडणार नाही, कोणीतरी टाकतंय. आणि या घरात असले उद्योग करणारा एकच प्राणी आहे.

दादा! लहानपणी त्यानं तिच्या दुधात मीठ घातलं होतं. परीक्षेच्या सकाळी तिच्या पेनातली शाई काढून पाणी भरलं होतं. अजून कोणाचं नाव घ्यायचं?

ती तशीच बाजारात गेली. दादाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान म्हणजे दोन दुकानांच्या मधल्या फटीत कोंबलेली एक काचपेटी. आत तो डोळ्याला भिंग लावून, राईएवढे स्क्रू पांढऱ्या कागदावर मांडून बसलेला. पुढे दोन गिऱ्हाइकं उभी. लवंगीनं काउंटरवर असा हात आपटला की स्क्रू चौफेर उडाले.

"अगं ए! डोकं ठिकाणावर आहे का?" दादा किंचाळला. "कोणाचा फोन आहे माहितीये का तो?"

"माझ्या सुपात मीठ तू टाकलंस!"

"काय?"

"नूडल्समध्येही तूच. फ्लॉवरवरही तूच. माझा स्टॉल व्हावा असं तुला वाटतच नाही. लहानपणापासून तू माझ्या वाईटावर आहेस!"

"मला काय दुसरे उद्योग नाहीत?" तो खाली वाकून स्क्रू वेचत होता आणि वेचता वेचता शिव्याही घालत होता. "तुला स्वयंपाक येत नाही एवढं साधं मान्य कर ना! उगाच माझ्यावर कशाला खापर फोडतेस?"

"शपथ घे."

"घेतली. जा आता. जातेस का ओढून काढू?"

एक गिऱ्हाईक हसलं. लवंगीनं त्याच्याकडे अशा नजरेनं बघितलं की त्याचं हसू जागच्या जागी विरलं. "रविवारी रंगेहाथ पकडते की नाही बघ," ती दादाला म्हणाली आणि पाय आपटत निघाली.

घरी आई पुढच्या खोलीत मशीनवर बसली होती. ती दवाखान्यांचे पडदे आणि चादरी शिवायची. हिरव्या कापडाचा ढीग तिच्या गुडघ्यांपर्यंत आला होता. लवंगीनं पिशवी फेकली, डबा फेकला, आणि दादाच्या नावानं बोटं मोडायला सुरुवात केली. आईनं मशीन थांबवलं नाही, पण सगळं ऐकलं.

"ते सूप चांगलं झालं होतं," आई धागा तोडताना म्हणाली. "भोपळ्याचा गोडवा राहू दिलास. मिरपूड शेवटी घातलीस, आधी नाही. म्हणून ती वर तरंगत होती, घशात टोचली नाही."

"आई, तू गप्प बस गं. तुला सगळंच चांगलं लागतं."

आईनं नवा धागा ओवला. मशीन पुन्हा सुरू झालं.

रविवार उजाडला. लवंगीनं यावेळी कसलाही धोका पत्करला नाही. बटाट्याच्या पातळ चकत्या, कांदा, दूध आणि चीज असे थर एकावर एक रचून जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर ठेवले. बाजूला टोमॅटोचा घट्ट रस्सा. मीठ काट्यावर मोजून घेतलं, आणि झाल्यावर चाखलं. एकदा चाखलं, पाणी प्यायली, पुन्हा चाखलं. बोट ठेवायला जागा नव्हती. मग ताटं स्वतः वाढली. दादाला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही, त्यानं प्यायला पाणी मागितलं तर दारातूनच हातात पेला दिला.

"तू बस ना," बाबा म्हणाले.

"तुम्ही सुरू करा. मी नंतर बसते."

ती स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून हाताची घडी घालून उभी राहिली. दोन्ही डोळे दादाच्या हातांवर. हललास की मेलास, अशा बेतानं.

आणि मग तिनं जे बघितलं, ते बघून तिची हाताची घडी सुटली.

दादा हललाच नाही. आधी हलले ते बाबा. उजव्या हातात वर्तमानपत्र, नजर बातमीवर. डावा हात टेबलावरून पुढे सरकला, निळ्या झाकणाच्या बरणीवर बरोबर जाऊन पडला. झाकण उघडलं, आतला चिमुकला चमचा भरला, ताटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मीठ पेरलं, आणि बरणी दादापुढे ढकलली. एकदाही खाली बघितलं नाही. घास तोंडापर्यंत गेला नव्हता. अजून चमचासुद्धा उचलला नव्हता! दादानं मोबाइल डाव्या हातात घेतला, उजव्या हातानं तेच केलं, आणि बरणी तिच्या रिकाम्या खुर्चीपुढे ढकलली. बरणी तिथे येऊन थांबली, रोज थांबायची तशी. आणि इकडे चौकटीपाशी उभ्या असलेल्या लवंगीची बोटं आपोआप जुळली, चमचा धरायला.

म्हणजे मीही? रोज? माझ्याच सुपात माझ्याच हातानं?

आईनं बरणीला हात लावला नव्हता. तिच्या तोंडात घास होता आणि ती तो सावकाश चावत होती.

"खारट!" बाबा म्हणाले. "बघ, मी म्हटलं नव्हतं..."

"थांबा!" लवंगी अशी ओरडली की शेजारच्यांचा कुत्रा भुंकायला लागला. ती टेबलापाशी आली, बाबांचं ताट त्यांच्या हाताखालून ओढलं, दादाचं ओढलं, दोन्ही मोरीत उपडी केली. दोन कोरी ताटं घेतली, वाढली, त्यांच्यापुढे आदळली. बरणी उचलून छातीशी धरली.

"खा."

"हा काय तमाशा?" बाबांचा पारा चढला. "ती बरणी दे आधी."

"आधी खा."

"मिठाशिवाय कसं खायचं?"

"मीठ आत आहे!"

"आत म्हणजे? जेवणात मीठ असतं होय? मीठ बरणीत असतं!"

हे बोलून बाबा थांबले. आपण काय बोललो ते त्यांच्याच कानांनी ऐकलं असावं. दादानं मोबाइल पहिल्यांदा उलटा ठेवला. बाबांनी चमचा उचलला, थोडंसं घेतलं, तोंडात घातलं, डोळे मिटले. कारखान्यात मिटायचे तसे. घरात त्यांना कोणी तसं बघितलं नव्हतं.

"बरं आहे," ते म्हणाले. मग अजून एक घास. "नाही, चांगलंच आहे की हे."

"भारी आहे राव," दादा तोंड भरलेलं असतानाच म्हणाला.

"कर तुझा स्टॉल," बाबा म्हणाले. "शब्द म्हणजे शब्द."

झालं! जिंकली की पोरगी. उड्या मारायच्या, दादाला वेडावून दाखवायचं, चष्मेवालीला फोन लावायचा. पण तीन आठवड्यांचा राग असा एका घासात जिरत नाही. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता आणि तो कोणावर तरी निघायलाच हवा होता. तो निघाला तो नेमका आईवर.

"आणि आई, हे सगळं तुझ्यामुळे! तू स्वयंपाकात मीठ कमी घालतेस म्हणून यांच्या हातांना ही सवय लागली. तीन रविवार मी बोलणी खातेय आणि तू नुसती बघत बसलीस!"

आईनं हातातला चमचा खाली ठेवला.

"कमी नाही घालत," ती म्हणाली. "घालतच नाही."

"म्हणजे?"

"आजोबांना डॉक्टरांनी मीठ बंद केलं, तेव्हापासून. दोन भांडी कुठे चढवू म्हणून सगळ्यांचंच अळणी करायला लागले, आणि ज्याला हवं त्यानं वरून घ्या म्हणून ही बरणी टेबलावर ठेवली. तू शाळेत होतीस."

"अगं, पण आजोबा जाऊन दोन वर्षं झाली," बाबा म्हणाले.

"मला सांगताय?" आईचा आवाज वर गेला. या घरात तो आवाज कोणी ऐकला नव्हता, दादा तर खुर्चीतच सरळ झाला. "त्यांचं अंथरूण मी काढलं, मला सांगताय? ते गेल्यावर पहिल्यांदा भाजी टाकली तेव्हा हातात मीठ घेतलं होतं मी. घालणार होते. मग म्हटलं, थांब. बघू तरी, कोणी म्हणतंय का. आज कोणीतरी म्हणेल, अगं, आता कशाला अळणी करतेस? आज नाही तर उद्या म्हणेल. दोन वर्षं झाली. दोन वर्षं मी रोज दोन्ही वेळा तुमच्या तोंडांकडे बघत बसते. तुम्ही बसता, बरणी ओढता, पेरता, गिळता, उठता!"

"आम्हाला काय माहीत..." बाबा पुटपुटले.

"माहीत कसं होणार? चव घेतली तर माहीत होणार ना! एकदा मी डाळीत हळद घातली नाही. पांढरीफटक डाळ वाढली, खाल्लीत. एकदा मुद्दाम भाजीत कांदाच नाही घातला. तुम्ही म्हणालात, पाणी दे. कारखान्यात मेली ती बेसिनं एकेक ठोकून बघता. ज्यात लोक तोंड धुणार ती बेसिनं! आणि माझ्या हातचा घास? त्याला कधी ठोकून बघितलंत?"

बाबांनी मान खाली घातली. दादानं तर कधीच घातली होती.

लवंगी बरणी छातीशी धरून उभी होती. आईनं तिच्याकडे मान वळवली.

"आणि तू. तीन रविवार घर डोक्यावर घेतलंस की माझ्या हातच्या जेवणाची कोणी कदर करत नाही. तीन रविवार! मला वाटलं, आता हिला कळेल. हिला नाही तर कोणाला कळणार? मी तुला सांगितलं, मिरपूड शेवटी घातलीस. तू काय म्हणालीस?"

लवंगीला आठवलं. तिला वाटलं, जमीन फाटावी आणि आपण बरणीसकट आत जावं. आईचा राग आलाच होता, एवढी वर्षं का बोलली नाहीस म्हणून. बाबांचा आला, दादाचा आला. पण सगळ्यात जास्त राग आला तो स्वतःच्या उजव्या हाताचा. रोज न चाखता बरणी ओढणारा तोही होता.

आईनं आपलं ताट संपवलं. बटाट्याचा शेवटचा तुकडा रश्शाला लावून खाल्ला, उठली, हात धुतला आणि मशीनवर जाऊन बसली. रविवारी ती कधी मशीन लावत नसे. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मशीन घरघरत राहिलं आणि त्याच्यावर आवाज चढवून बोलायची कोणाची छाती झाली नाही.

सोमवारी संध्याकाळी जेवायला बसले तेव्हा घर परीक्षेच्या वर्गासारखं झालं होतं. वर्तमानपत्र नाही, मोबाइल नाही. दादा केस विंचरून आला होता. आईनं वाढलं. फरसबीची भाजी, डाळ, भात. रोजचंच. आणि निळ्या झाकणाची बरणी तिनं स्वतःच्या हातानं आणून टेबलाच्या मधोमध ठेवली.

लवंगीनं उजवा हात मांडीखाली दाबून धरला आणि डाव्या हातानं चमचा उचलला. डाळ तोंडात घातली. मीठ होतं. अगदी हवं तेवढं. आणि मिठाच्या मागून जिरं आलं, मग थोडं आंबट, मग कसलीतरी गोडसर चव, जी तिला ओळखता येईना. ती एवढी वर्षं या घरात जेवत होती आणि आपल्या आईच्या हातची चव कशी असते ते तिला माहीत नव्हतं. मोबाइलवर दुनियेच्या पाककृती शोधत हिंडत होती! डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाही तिला राग आला.

"आई," ती म्हणाली, "डाळीत गोड काय आहे?"

"गाजर," आई म्हणाली. "किसून घालते. पहिल्यापासून."

बाबांनी घसा साफ केला. काल दिवसभर आणि आज कारखान्यात ते काहीतरी जुळवत असावेत, कारण ते भाषणाला उभं राहिल्यासारखे ताठ बसले.

"मी काय म्हणतो," त्यांनी सुरुवात केली, "काल जे झालं ते चांगलंच झालं. माणसाचं लक्ष पाहिजे. मी तर ठरवूनच टाकलंय, आजपासून आधी चव, मग बाकीचं. हातात जे आलं ते तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा माझा पहिल्यापासूनचा नियम आहे, आणि घरात सुद्धा..."

आणि हे बोलता बोलता त्यांचा डावा हात पुढे सरकला. झाकण उघडलं. चमचा भरला. भाजीवर, डाळीवर, भातावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

दादानं तोंड उघडलं. टेबलाखालून लवंगीनं त्याच्या पायावर अशी टाच मारली की ते मिटलं.

"...घरात सुद्धा तोच नियम पाळला पाहिजे," बाबांनी वाक्य पुरं केलं, बरणी बंद केली आणि मोठा घास घेतला.

त्यांचे गाल फुगले. डोळे आधी बरणीकडे गेले, मग हाताकडे, मग सावकाश वर आईकडे.

आई त्यांच्याकडेच बघत होती. दोन वर्षं बघत होती तशीच.

"कसं झालंय?" तिनं विचारलं.

बाबांनी घास गिळला. तो उतरताना सगळ्यांना दिसला.

"छान," ते म्हणाले.

"मीठ?"

"बरोबर आहे. अगदी बरोबर."

"मग घ्या ना अजून," आई म्हणाली, आणि तिनं पळीभर डाळ त्यांच्या ताटात ओतली. बाबांनी पाण्याच्या तांब्याकडे हात नेला. आईनं तो उचलला आणि आपल्या बाजूला ठेवला.

"पाणी नंतर प्या," ती म्हणाली. "आधी ताट संपवा."